आठवं पाकीट

टाकवे बुद्रुक,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशोधरा,

सप्रेम जय भीम. बाबांना आणि चिमामावशींना माझा नमस्कार सांग.

लिफाफा बघून तू आधी हसशील आणि मग शिव्या घालशील. टाकव्याहून खंडाळा म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता, हातात फोन, आणि ही बया टपालाने पत्र पाठवते. तिकीटसुद्धा शोधून आणावं लागलं. तुझे फोन मी उचलले नाहीत, त्याचा राग तुझ्या मनात असणारच. असू दे. फोनवर मला हल्ली नीट बोलता येत नाही. लिहिताना निदान खोडता येतं.

इकडचं म्हणशील तर सगळे बरे आहेत. दिवाळी उलटली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता, त्यामुळे भात आडवा झालाय आणि आमचे सासरेबुवा सकाळपासून बांधावर उभे राहून आभाळाशी भांडतात. अमृत डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेला. आईपेक्षा उंच झालाय आणि आईपेक्षा शहाणा असल्यासारखा बोलतो. माझं कंपनीतलं काम चालू आहे. सकाळी सातला कान्हे फाट्यावर बस, मग सुदुंबऱ्याला पोचलं की डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे आणि आठ तास ती कोरडी खोली. लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात नऊ वर्षं तू माझ्यासमोर बसलीस, तेव्हापासून मला समोर कुणीतरी गप्पा मारणारं लागतं. इथे सगळ्यांचे नुसते डोळे दिसतात.

बाबांना नवा पाय बसवला असं कळलं. चालतात का? त्यांना म्हणावं, घाई करू नका. हे सांगण्यात अर्थ नाही, मला ठाऊक आहे. ज्या माणसाने रेल्वेत बावीस वर्षं घाटातले रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज दोन स्टेशनांमधलं अंतर पायी कापलं, तो काय माझं ऐकून बाजेवर बसणार आहे.

ऑगस्टमध्ये आले आणि चहा न घेता पळाले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटची बस चुकली असती, एवढंच.

परवा फाट्यावर तुझा चुलतभाऊ धम्मदीप भेटला. गाडीत पर्यटक बसलेले होते, तरी थांबला. मी तुझं विचारलं तर म्हणाला, "ताईनं जुलैपास्नं मशीन उघाडली न्हाई. हॉटेलवाल्यांचं पडद्यांचं काम आलं हुतं, त्ये बी परत केलं. म्हनती, माजा हात आता भरवशाचा न्हाई." एवढं बोलून तो गेला. मी फाट्यावरच उभी राहिले. दोन बस माझ्यासमोरून गेल्या.

यशा, तुझा हात? चिक्कीच्या टेबलावर डोळे मिटून पुडे भरायचा तो हात? मला हे ऐकवत नाही.

मला ते दवाखान्यातले दिवस सारखे आठवतात. बाबा अंगणातल्या पायरीवरून घसरले, नडगीचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालायची ठरली. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, की पट्टीशेजारी आमच्या कंपनीचा सेन्सर ठेवायची तयारी आहे का. चाचणी चालू आहे, त्यासाठी वेगळा खर्च नाही. आणि तू मला फोन केलास, "अगं, हे तुझ्याच हातचं दिसतंय, येऊन बाबांना समजावून सांग." मी धावत आले. बाबांना सांगितलं, की हा रेशमाच्या प्रथिनाचा पापुद्रा आहे, तांदळाच्या पापडीहून पातळ, त्यावर मॅग्नेशियमच्या केसाएवढ्या रेघा. हाडाशेजारी राहतो, आतली ऊब आणि दाब मोजतो. यशोधरा सकाळ-संध्याकाळ बाहेरून पायावर रीडर धरेल. हिरवा दिवा लागला तर सगळं ठीक, लाल लागला तर आत पू धरतोय, म्हणजे बाहेर ताप चढायच्या आधीच कळतं. चार आठवडे काम करून तो आपोआप विरघळून जातो. काढायला पुन्हा चिरफाड नको.

"म्हंजी पायात रेडिओ," बाबा म्हणाले. आणि मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "रेशीम म्हनतीस. त्यात किडं मारत्यात का गं?"

तुला आठवत असेल. तू हसलीस, मी नाही हसले.

असो. मुद्द्याचं लिहिते. सतरा तारखेच्या सोमवारी चौकशी समितीची बैठक आहे आणि तुला बोलावलं आहे, हे मला माहीत आहे. तिथे जो अहवाल तुझ्यापुढे ठेवतील तो मी पाहिला आहे. 'घरी वाचन घेताना रीडर योग्य जागी धरला गेला नाही, वाचन बंद झाल्यावर नातेवाइकांनी कुणासही कळवले नाही,' असं त्यात लिहिलंय आणि खाली तुझ्या सहीची जागा सोडली आहे. तू सही केलीस की चौकशी संपली. बाबांचा पाय तुझ्यामुळे गेला, असं ते कायमचं कागदावर येईल.

ती सही करू नकोस. तुझी चूक नव्हती. का, ते विचारू नकोस, पण नव्हती.

नवा तांदूळ निघाला की पाठवते. इंद्रायणीच आहे, बाबांना मऊ भात आवडतो.

तुझी,
सारिका


टाकवे बुद्रुक,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशोधरा,

जय भीम.

तुझं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. "सही करू नको म्हणतेस. माझी चूक नव्हती तर कुणाची होती, ते लिही." खाली नाव नाही, नमस्कार नाही. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर एवढंही लिहिलं नसतं.

काल चार कागद फाडले. हा पाचवा आहे आणि हा फाडणार नाही.

माझी.

आता सगळं क्रमाने सांगते, म्हणजे मला मध्येच कुठे पळता येणार नाही.

जुलैच्या दोन तारखेला, बुधवारी, माझ्या टेबलावर चोवीस सेन्सर पाकिटात भरायला आले. चंदेरी पाकीट, त्यात सेन्सर, आणि सोबत ओल शोषणारी छोटी पुडी. बुटांच्या खोक्यात येते ना, तशीच. हा पापुद्रा अंगातल्या पाण्याने विरघळावा म्हणूनच बनवलेला आहे, त्यामुळे बाहेरची ओल त्याची पहिली वैरीण. म्हणून ती कोरडी खोली, म्हणून ती पुडी. मी चोवीस पाकिटं भरून सील मारली आणि डबा झाकायला गेले, तर तळाशी पाच पुड्या उरलेल्या.

म्हणजे पाच पाकिटं पुडीविना गेली होती. कोणती पाच, ते देवाला ठाऊक. आदल्या दिवशी अमृतच्या कॉलेजात खेपा घालून डोकं दुखत होतं, पण ते कारण नाही. कारण सांगायला बसले तर खूप सापडतील.

नियम साधा होता. शंका आली की सगळी चोवीस मॅडमसमोर ठेवायची, आणि एकदा सील झालेलं पाकीट उघडलं तर ते भंगारात टाकायचं. पुन्हा सील नाही. हा सेन्सर बनवणाऱ्या मानसी मॅडमनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी पुढे सगळ्या बायकांना सांगत आले.

पण हात कुठे घडलाय माझा? चिक्कीच्या टेबलावर. पावसाळ्यात आपण काय करायचो, आठव. प्रत्येक खेपेतला एक पुडा उचलायचा, उघडायचा, तुकडा कानाशी धरून मोडायचा. कट्ट वाजला तर माल चांगला. न वाजता वाकला तर सादळला. आणि चांगला निघाला की त्याच पुड्याला पुन्हा चटका देऊन खोक्यात. मुकादम शालूबाई डोक्यावर उभ्या असायच्या. "एक पुडा टाकताना तुमच्या बापाचं काय जात न्हाई, व्हय गं?" नऊ वर्षं ऐकलं. उघडलेलं पुन्हा बंद केलं की झालं, हे माझ्या बोटांत मुरलेलं होतं.

आणि फळा. माझ्या विभागाच्या फळ्यावर 'वाया गेलेला माल : शून्य' असं अकरा महिने लिहिलेलं होतं, खाली माझं नाव. बारावी पास बाई, आधी चिक्की भरणारी, आणि अभ्यास करून आलेल्या पोरींच्या वर तिचं नाव. तो फळा मला पुसू द्यायचा नव्हता. गर्व होता गं, दुसरं काही नाही.

मी पाकिटं एकेक करून बोटांनी चाचपली. चार नक्की कळली, आत पुडीचा उंचवटा नव्हता. पाचव्याची खात्री होईना, म्हणून संशयाची आणखी चार काढली. आठ झाली. कोरड्या खोलीतलं सीलचं यंत्र तेव्हा धुवायला घेतलं होतं, म्हणून मी आठही पाकिटं ताटलीत घालून बाहेरच्या खोलीत नेली, जिथे खोकी बांधतात. तिथलं हातयंत्र साधं. खिडकी अर्धी उघडी, बाहेर भुरभुर चालू. आठही पाकिटांना सीलच्या खाली चीर दिली, पुड्या घातल्या, चिरेखाली पुन्हा चटका दिला. अर्धा तास लागला असेल. कुणी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मी बसमध्ये गाणं गुणगुणत घरी आले, हेही लिहून ठेवते.

अकरा तारखेला बाबांच्या पायात जो सेन्सर गेला, तो त्या आठांतला होता.

हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. दवाखान्यात बाबांना समजावताना मी त्या आठ पाकिटांचा विचारसुद्धा केला नाही. मनातून पुसूनच टाकली होती ती. पण किड्यांची गोष्ट मागच्या पत्रात अर्धीच लिहिली, ती पुरी करते. बाबांनी विचारलं, किडे मारतात का. मला खोटं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो बाबा, मरतात. कोशातच मरतात." ते म्हणाले, "खरं बोल्लीस. दुसरं कुनी असतं तर न्हाई म्हनलं असतं. तू खरं बोल्लीस म्हनून घालतो." आणि मला जवळ बसवून ती घाटातली गोष्ट सांगितली. धुक्यात एक सैल चावी त्यांच्या नजरेतून सुटली, घरी आल्यावर लक्षात आलं, आणि ते आपणहून मिस्त्रीकडे गेले. "चूक सांगितली तर एका मानसाला मेमो. लपिवली तर गाडी जाती, सारिका."

हे ऐकून मी मान डोलावली होती. माझ्याच मानेची मला आता लाज वाटते.

आता अठरा जुलैचं.

तुझा फोन सकाळी पावणेआठला आला. मी बसमध्ये होते. तू म्हणालीस, "काल सांजच्यापास्नं दिवा लागंना. ना हिरवा, ना लाल. मी काय चुकतीय का बघ." सातवा दिवस. सेन्सर चार आठवडे चालायला हवा आणि सातव्या दिवशी गप्प. यशा, तुझं वाक्य संपायच्या आत मला कळलं. खिडकीतली ती भुरभुर डोळ्यांसमोर आली.

आणि मी तुला काय म्हणाले? "घाबरू नकोस. सूज असली की कधी कधी पकडत नाही. जरा खाली-वर सरकवून बघ. हात स्थिर ठेव."

हात स्थिर ठेव.

तुझ्याकडच्या कार्डावर छापलेलं होतं, की दोन वेळा वाचन आलं नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात या आणि कार्यालयाला कळवा. तू मला कळवलंस. तुझ्या लेखी मीच कार्यालय. एकोणीसला पुन्हा फोन केलास आणि मी पुन्हा तेच सांगितलं, शिवाय वर म्हणाले, की कधी कधी लवकर विरघळतो, त्याचं कामच ते. तू चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हाताऱ्या बापाच्या पायावर ते यंत्र धरून बसलीस, तास तास. बावीसला ताप चढला. सव्वीसला गुडघ्याखालून पाय कापला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणलं असतं तर वाचवता आला असता बहुतेक. ते चार दिवस मी खाल्ले.

तुला वाटेल मला तेव्हा खात्री नव्हती. ऐक. अठरा तारखेलाच, तुझा फोन ठेवून कंपनीत पोचल्यावर, मी पहिली गोष्ट काय केली? साठ्यात गेले. त्या आठांपैकी सात अजून तिथेच होती. लेबल चुकलंय असं वहीत लिहून मी ती सातही परत काढून घेतली आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवली. दुसऱ्या कुणाच्या अंगात जाऊ नयेत एवढी अक्कल मला होती. सात परत आणली. आठवं बाबांच्या पायात होतं, ते आणायचं म्हणजे तोंड उघडायला लागलं असतं.

घाबरले. नोकरी जाईल, अमृतचं शिक्षण, गावात तोंड कसं दाखवू, हे सगळं होतंच. पण खरं सांगू, सगळ्यात जास्त मी घाबरले ते तुला. तू म्हणशील, 'सारिका, तूसुद्धा?' तेवढं टाळायला मी बाबांचा पाय पणाला लावला. आता लिहिताना हे किती हलकट वाटतं, पण तेव्हा दर सकाळी वाटायचं, आज दिवा लागेल.

मग चौकशी सुरू झाली. तिथेही मला वाटलं होतं की सगळं बाहेर येईल. पण येणार कुठून? पापुद्रा विरघळून गेलेला. रेशीम नाही, रेघा नाहीत, अंगात त्याचा मागमूस नाही. इतर कुठलीही वस्तू बिघडली तर उघडून बघता येते. हिचा गुणच असा, की हिच्यासोबत माझा गुन्हाही पाण्यात गेला. उरली फक्त तुझी वही, त्यात सतरा तारखेपासून रोज लिहिलेलं 'दिवा लागला नाही, दिवा लागला नाही.' आणि ती वही तुझ्यावर उलटली.

आणि तू? तू समितीला माझं नावच सांगितलं नाहीस. मी वाट बघत होते, की आज मला बोलावतील आणि विचारतील, हिने तुम्हाला फोन केला होता का. कुणी विचारलं नाही. मग अहवालात वाचलं, 'नातेवाइकांनी कुणासही कळवले नाही.' तू मला वाचवत होतीस. सारिकाची नोकरी जाईल म्हणून तू मूग गिळून बसलीस आणि सगळं आपल्या हातावर घेतलंस. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण तरीही मी बोलले नाही, हेही खरं.

ऑगस्टचं बसचं कारणही खोटं. बस साडेसहाला होती, मी पाचला निघाले. झालं असं, की तू चहा ठेवायला आत गेलीस आणि बाबांनी मला खूण करून ट्रंकेतली निळी फाईल काढायला लावली. रेल्वेतला माणूस, कागद टाकत नाही. त्यांनी त्यातून एक चंदेरी पाकीट काढलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी ब्रदरला सांगून मागून ठेवलं होतं म्हणे. "सामानाचा नंबर फेकून द्याचा नसतो. बघ, तुज्या हातचं हाय." मी ते हातात घेतलं. वरच्या कडेला यंत्राचं सील, पट्टीने ओढल्यासारखं सरळ. आणि त्याच्या खाली दुसरं. तिरकं.

बाबा म्हणत होते, "यशीला समजाव. हात हालला असंल पोरीचा, मानूस हाय. मी काय बोल्लो का तिला? पर ती मनाला लावून घेती." आणि उरलेल्या पायावरची चादर सारखी करत होते.

मी पाकीट फाईलमध्ये ठेवलं आणि उठले. कपाचा आवाज आला तरी थांबले नाही.

तेव्हापासून तीन महिने गेले. ते तीन महिनेही माझ्याच नावावर लिही. धम्मदीप फाट्यावर भेटला नसता तर कदाचित मी गप्पच राहिले असते. तुझी मशीन बंद आहे, हे ऐकलं आणि मला उमगलं, की बाबांचा पाय एकदाच कापला, तुझा हात मात्र मी रोज कापतेय.

आता काय करायचं ते ऐक. या लिफाफ्यात माझा जबाब आहे, तीन पानं, प्रत्येक पानावर तारीख आणि सही. दोन जुलै, अठरा जुलै, एकोणीस जुलै, सगळं. मूळ कागद तुझ्याकडे पाठवते, झेरॉक्स माझ्याकडे. उद्या सकाळी मानसी मॅडमपुढे ती झेरॉक्स आणि ती सात पाकिटं ठेवणार आहे. त्यांची तीन वर्षांची मेहनत आहे त्यात. वस्तू चांगली आहे यशा, ती कुणाचा तरी पाय नक्की वाचवेल. तिच्यात खोट नव्हती, हे त्यांना कळायला हवं, आणि उघडलेलं पाकीट पुन्हा बंद करणाऱ्या बाया आणखी कुठे कुठे असतील, हेही. सतरा तारखेला मी समितीत येईन. तुझ्या शेजारी बसणार नाही. विचारतील त्याची उत्तरं देईन.

पण माझ्या शब्दावर तू आता का विश्वास ठेवावास? मी चार महिने खोटं जगलेली बाई. म्हणून बाबांच्या फाईलमधलं ते पाकीट काढ आणि दारात उजेडाला धर. वरच्या सीलकडे पाहू नकोस, खालचं बघ. डावीकडे उतरलेलं. चिक्कीच्या टेबलावर तू सगळ्यांना हसवायचीस, की सारिकाचा पुडा आंधळ्यालाही ओळखू येतो, डावखुरीचा चटका नेहमी घसरतो. नऊ वर्षं तू तो पाहिलास. त्याला साक्षीदार लागणार नाही. सतरा तारखेला ते पाकीट सोबत ने, आणि मी आले नाही, किंवा येऊन फिरले, तर माझ्या जबाबासोबत त्यांच्यापुढे ठेव. तुला माझी दया येईल, मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस.

बाबांना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. तू ये म्हणालीस तर मी स्वतः येऊन त्यांच्यासमोर बसून सांगेन. नाही म्हणालीस तर येणार नाही, आणि पुन्हा विचारणारही नाही. माफी मागत नाही. मागायला तोंड लागतं, आणि जे तोंड होतं ते अठरा जुलैला सकाळी पावणेआठलाच वापरून झालं.

एक मागणं मात्र आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. मशीनवरचं झाकण काढ. सुईत दोरा ओव आणि एक सरळ टीप मार, लांबच्या लांब, पडद्याची असते तशी. मग ती बघ. तुझा हात सगळे दिवस स्थिर होता यशा. दिवा लागत नव्हता तेव्हाही.

जिचा हात चुकला ती,
सारिका